मूळ रूप आणि मुलामा

'मुलामा' ह्या शब्दाला मराठींत कधीं चांगला अर्थ लाभला नाहीं. एखाद्याच्या बोलण्यावर मुलामा आहे असें म्हटलें, कीं आंत पितळ असल्याची सूचना झालीच. 'कल्हई' हा शब्द मात्र घरोघर मानानें नांदला. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली, कीं त्यांतलें ताक किंवा आमटी कळकते. म्हणून कल्हईवाला आळींत आला, कीं घरांतील बायका त्याला हांक मारीत. तो भात्यानें निखारे फुलवी, नवसागराची पूड टाकी, कथलाचा हात फिरवी, आणि काळवंडलेलें पातेलें रुप्यासारखें लखलखूं लागे. स्टेनलेस पोलादाच्या ह्या दिवसांत तो देखावा दुर्मिळ झाला आहे. पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी, कीं मुलामा आणि कल्हई ह्यांत क्रिया एकच आहे : एका धातूवर दुसऱ्याचें पातळ पूट चढवावयाचें आणि खालचा धातु झांकावयाचा. मग एकीला आपण लबाडी म्हणतों आणि दुसरीला निगा म्हणतों, तें कां? पहिलींत फसविण्याचा हेतु असतो, दुसरींत नसतो, हें उत्तर चटकन सुचतें, आणि तें खोटें नाहीं. तें पुरें मात्र नाहीं. कारण हेतु अगदीं शुद्ध असूनही जुन्या वस्तूला नवें रूप देतांना माणसाच्या हातून कधीं कधीं असें कांहीं नाहींसें होतें, कीं तें पुढें कोणाच्यानेंही परत आणवत नाहीं.

हा प्रश्न मजपुढें आला तो एका बंदुकीच्या निमित्तानें. सिन्नर येथील माझ्या एका स्नेह्यांचें घर जुनें शेतकऱ्याचें. आजोबांना शिकारीचा नाद. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो नाद इतिहासजमा झाला, तरी आजोबांच्या दोन बंदुका आणि स्नेह्यांची स्वतःची एक, अशा तीन बंदुका एकाच परवान्यावर घरांत राहिल्या. निवडणुका आल्या कीं त्या पोलिसठाण्यांत जमा करावयाच्या, निवडणुका सरल्या कीं परत आणावयाच्या, एवढाच काय तो त्यांचा प्रवास. पुढें 1959 च्या शस्त्रकायद्यांत 2019 सालीं दुरुस्ती झाली, आणि एका परवानेदारानें तीन बंदुका ठेवण्याची मुभा दोनांवर आली. एक बंदूक काढणें प्राप्त झालें. ज्या बंदुकीला किंमत येईल असें वाटलें ती आजोबांची अमेरिकन दुनळी होती. न्यूयॉर्क संस्थानांतील फुल्टन गांवीं, हंटर घराण्याच्या कारखान्यांत 'एल. सी. स्मिथ' ह्या नांवानें ज्या बंदुका होत, त्यांतली ही एक. आपल्याकडच्या जुन्या घरांत बहुधा इंग्लिश बंदुका सांपडतात, म्हणून हिचें अप्रूप अधिक. नळ्यांची काळी झिलई धरण्याच्या जागीं विरून गेलेली, मधल्या पोलादी अंगावरचे रंग जाऊन तें करड्या रुप्यासारखें दिसणारें, अक्रोडाच्या दस्त्याला कळांच्या मागें एक बारीक चीर, आणि दस्त्याच्या उजव्या बाजूस, जेथें आजोबांचा गाल टेकत असे, तेथें तेलकट काळसर डाग. स्नेह्यांच्या चिरंजीवांचें मत असें, कीं एखाद्या परवानेदार कारागिराकडून ती 'नव्यासारखी' करून घ्यावी आणि मग गिऱ्हाईक पाहावें. स्नेह्यांचें मन घेईना. पण तें कां घेईना, हें त्यांना सांगतां येईना. मी तर्कशास्त्र शिकविलेला मनुष्य, म्हणून त्यांनीं मला विचारलें.

वाचकांना बंदुकांत गोडी असण्याचें कारण नाहीं, आणि मलाही ती नव्हती. परंतु वस्तु मूळ रूपांत आहे कीं नाहीं ह्या प्रश्नाचा कीस अमेरिकेंतील जुन्या दुनळी बंदुकांच्या शोकिनांनीं असा कांहीं पाडला आहे, कीं आपल्याकडच्या जुन्या नैयायिकांनाही कौतुक वाटावें. कनेक्टिकट संस्थानांत मेरिडन येथें पार्कर बंधूंनीं 1860 नंतरच्या दशकाच्या अखेरीस ह्या बंदुका करावयास प्रारंभ केला. 1934 सालीं रेमिंग्टन कंपनीनें तो कारखाना विकत घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धांत तें काम थांबलें. तोंपर्यंत सुमारें 2,42,000 बंदुका झाल्या होत्या. फिलाडेल्फियांत फॉक्स ह्यांचा कारखाना होता. 1909 सालीं थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेंत शिकारीस गेले तेव्हां त्यांच्या सामानांत एक फॉक्स बंदूक होती. ह्यांशिवाय इथाका, लेफीव्हर आणि वर सांगितलेली स्मिथ. ह्यांपैकीं बहुतेक कारखान्यांचें दुनळीचें काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंद पडलें. नवा माल येण्याचा संभव संपला, कीं जुन्या मालाची परीक्षा कडक होते. तसेंच येथें झालें.

ही परीक्षा कशी चालते तें पाहण्यासारखें आहे. बंदुकीच्या मधल्या पोलादी अंगाला कारखान्यांत जे रंग येत, ते रंगाऱ्याचे नव्हत. तो भाग हाडांच्या व लांकडांच्या कोळशांत पुरून पेटींत बंद करीत, कित्येक तास लाल तापवीत, आणि मग एकदम पाण्यांत सोडीत. त्यानें पोलादाचा पृष्ठभाग कठीण होई, आणि त्याबरोबर निळे, तपकिरी, गवती असे ढगांसारखे रंग त्यावर उमटत. हे रंग अत्यंत पातळ असतात. हाताच्या घामानें आणि उन्हानें ते उडतात, पण सारखे उडत नाहींत : जेथें हात पोंचतो तेथून जातात, आणि बिजागरीच्या कोपऱ्यांत, चापाच्या कडीच्या आडोशाला, पुढच्या लांकडाखालीं ते टिकून राहतात. म्हणून जाणता मनुष्य बंदुकीचा दर्शनी भाग प्रथम पाहतच नाहीं. तो तिचे कोनेकोपरे पाहतो. दर्शनी भागावर रंग चकचकीत आणि कोपऱ्यांत मात्र फिके, असें आढळलें कीं तो बंदूक खालीं ठेवतो. दिव्याच्या ज्योतीनें किंवा तेजाबानें खोटे रंग आणणारे कारागीर तेथें पुष्कळ आहेत; पण झीज कोठून सुरू होते, ह्याचें ज्ञान त्यांच्यापेक्षां निसर्गाला अधिक असतें.

मग अक्षरें पाहावयाचीं. कारखान्याचें नांव व नक्षी कोरलेली असते तिच्या कडा बोटाला टोचल्या पाहिजेत. पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरलेल्या पोलादाच्या कडा गोल होतात, अक्षरें ओल्या शाईसारखीं पसरट दिसूं लागतात, आणि सपाट भागाला किंचित् लाटा येतात. मग लांकूड. कारखान्यांतून निघतांना दस्त्याचें लांकूड पोलादाच्या पातळीहून केंसभर वर राहील असें बसवीत. तें पोलादाच्या खालीं गेलेलें दिसलें, म्हणजे कोणीतरी तें पॉलिश-कागदानें घांसलें आहे. दस्त्याच्या मुठीवर तिरप्या रेघांची जी जाळी कापलेली असते ती पुन्हा कापली असल्यास एखादी तरी रेघ हद्दीबाहेर गेलेली सांपडते. स्क्रूंच्या खांचा नळीच्या दिशेनें ओळींत असाव्या लागतात. त्या कलल्या असतील किंवा त्यांच्या कडा चुरगळल्या असतील, तर अडाणी हातानें बंदूक उघडली होती. शेवटीं आंकडे : नळ्यांवरचा, अंगावरचा आणि पुढच्या लांकडाच्या लोखंडावरचा अनुक्रमांक एकच हवा. पार्करच्या जुन्या नोंदवह्या पुष्कळशा शिल्लक असल्यामुळें अमुक क्रमांकाची बंदूक कोणत्या दर्जाची व किती इंच नळीची म्हणून बाहेर पडली, तेंही ताडून पाहतां येतें. साध्या दर्जाच्या बंदुकीवर मागाहून उंची नक्षी कोरून ती मोठ्या किंमतीला विकणारे असतात; त्यांचें पितळ येथें उघडें पडतें.

नळ्यांच्या झिलईची गोष्ट तर मला एखाद्या नीतिकथेसारखी वाटली. दुनळी बंदुकीच्या दोन नळ्या आणि त्यांमधील पट्ट्या कथील-शिशाच्या डाखानें जोडलेल्या असतात. म्हणून जुने कारागीर नळ्यांवर मुद्दाम हलका गंज चढवीत, पाण्यांत उकळून तो काळा करीत, घांसून काढीत, आणि असें अनेक वेळां करून ती खोल काळी झिलई आणीत. आजकाल क्षारांच्या उकळत्या द्रावांत नळ्या बुडवून तेंच काम थोड्या वेळांत होतें, आणि दिसावयास तें अधिकच झगझगीत दिसतें. परंतु तो क्षार आंत झिरपून डाखाला खातो. कांहीं काळानें पट्टी सुटते, आणि नवीसारखी केलेली बंदूक जुनी होती त्याहून निकामी होते.

हें सारें वाचल्यावर माझा पहिला कल त्या अमेरिकन शोकिनांच्या बाजूला झुकला. त्यांच्या हट्टांत पैशाचा भाग मोठा आहे, ह्यांत शंका नाहीं. मूळ झिलईची बंदूक आणि पुन्हा झिलई दिलेली बंदूक ह्यांच्या किंमतींत जमीनअस्मानाचें अंतर पडतें. पण पैशाच्या खालीं एक खरी गोष्ट आहे. जुनी वस्तु ही साक्षीदार असते. ती कशी घडली, कोणी वापरली, किती उन्हापावसांत फिरली, ह्याची साक्ष ती आपल्या अंगावर बाळगते. आणि ह्या साक्षीदाराला पढवितां येत नाहीं, हाच त्याचा मोठेपणा. पॉलिशच्या चाकावर जो पोलादाचा कीस उडतो, त्याबरोबर ती साक्ष उडते. कल्हई आणि पॉलिश ह्यांतला भेद मला येथें दिसला. कल्हईवाला कांहीं घालतो. तें उद्यां झिजेल, परवां पुन्हा घालतां येईल, आणि खालचें पितळ जसेंच्या तसें राहील. चाकावर घांसणारा कांहीं काढतो. एकानें झांकलेलें दुसऱ्याला उघडतां येतें. एकानें काढलेलें मात्र ब्रह्मदेवालाही परत लावतां येत नाहीं. हेतूचा विचार बाजूला ठेवला तरी एवढा भेद शिल्लक उरतो, आणि नीतीच्या ग्रंथांत त्याला मिळावें तेवढें स्थान मिळालेलें नाहीं असें मला वाटतें.

पण थोडें पुढें गेल्यावर माझा उत्साह ओसरला. संग्राहकांच्या त्या जगांत सर्वांत मोठा मान कोणत्या बंदुकीला? जिचे कोळशाचे रंग जवळजवळ पूर्ण शाबूत आहेत तिला. आणि रंग शाबूत कोणाचे राहतात? जी कधीं दंवांत भिजली नाहीं, कुंपणावरून कोणाबरोबर गेली नाहीं, जिला मालकानें कपाटांत ठेवून दिलें, तिचे. म्हणजे जन्मभर कांहींच न केलेल्या बंदुकीला तेथें सिंहासन, आणि एका घराचीं भाताची खाचरें वा बाजरीचें रान राखून दमलेलीला पायरीखालची जागा. अस्पर्शित राहणें हा गुण आहे, असें मानणारी ही दृष्टि मला थोडी रोगट वाटते. माणसांविषयींही ती आपल्याकडे कमी नाहीं. ज्यानें कधीं चूक केली नाहीं अशा मनुष्याची आपण वाखाणणी करतों, आणि त्यानें मुळीं कांहीं केलेंच नव्हतें, हें विसरतों. शिवाय ह्या पूजेचा एक विचित्र परिणाम होतो. 'प्रामाणिक झीज' हा शब्दप्रयोग तिकडे रूढ झाला, तेव्हां तशी झीजही बाजारांत कृत्रिम बनूं लागली. नव्यानें केलेली वस्तु जुनी दिसावी म्हणून तिला घांसावयाचें, आणि जुनी नवी दिसावी म्हणूनही घांसावयाचें! ह्यांच्यापेक्षां 1980 नंतरच्या दशकांत जपानांत ज्या पार्कर बंदुका बनविल्या गेल्या, त्या मला अधिक सज्जन वाटतात : त्या मुळाबरहुकूम होत्या आणि 'पार्करची प्रतिकृति' ह्या नांवानेंच विकल्या गेल्या.

तात्पर्य, अस्पर्शितपणा हें मूळपणाचें लक्षण धरतां येत नाहीं. वस्तूनें जें सोसलें तें तिच्या मूळपणांतच मोडतें. तें पुसणें हा तिच्यावर अन्याय आहे, आणि जें तिनें सोसलें नाहीं तें तिच्या अंगावर लिहिणें हाही तिच्यावर अन्यायच आहे.

चिरंजीवांचा युक्तिवाद मात्र सरळ होता आणि सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, "काका, वस्तु आमची. आम्ही तिला काळी करूं, निळी करूं, मोडून टाकूं. ह्यांत असत्य कोठें आलें? आणि गिऱ्हाइकानें विचारलें तर आम्ही खोटें सांगणार नाहीं. विचारलें नाहीं, तर आपण होऊन सांगण्याचें बंधन आमच्यावर कशाला?" ह्याचें कायद्याचें उत्तर आपल्याकडे 1872 पासून तयार आहे. करारांच्या कायद्याचें सतरावें कलम सांगतें, कीं नुसतें मौन हें कपट नव्हे. पण बोलणें हें ज्याचें कर्तव्य आहे अशा प्रसंगीं, किंवा मौन हेंच बोलण्यासारखें असेल तेव्हां, तें कपट होतें. आणि माहीत असलेली गोष्ट प्रयत्नपूर्वक झांकणें हें तर कपटच. मी चिरंजीवांना म्हटलें, कीं झिलई ही मुकी नसते. काळी कुळकुळीत नळी पाहणाऱ्याला सांगत असते, कीं "मी फारशी वापरली गेलेली नाहीं." तुम्ही तोंड मिटून उभे राहिलांत, तरी तुम्ही पैसे देऊन बोलावयास ठेवलेली साक्षीदार तुमच्या वतीनें बोलतेच आहे. तुमच्या कपाटांत ती तशी उभी असती तर तिचें बोलणें ऐकणारें कोणी नव्हतें. दुकानांत ऐकणारा आहे, आणि तो त्यावर पैसे मोजणार आहे.

वस्तूच्या मालकीविषयीं मला आणखी एक म्हणावयाचें होतें, तें मी त्यांना म्हटलें नाहीं, येथें म्हणतों. दस्त्यावरचा तो काळसर डाग ज्या गालाचा होता त्या गालाचे मालक चिरंजीव नव्हते. वारसानें वस्तु मिळते, तिच्यावर ज्यांचा हात फिरला त्यांचा भूतकाळ मिळत नाहीं. तो ठेव म्हणून मिळतो. ठेव खर्च करावयाची नसते, असें ज्या समाजांत लहान मुलालाही कळतें, तेथें मोठ्यांना हें समजावून सांगण्यास तर्कशास्त्र कशाला हवें?

मग त्या बंदुकीचें काय झालें? दस्त्याची चीर हा स्मिथ बंदुकांचा जुना दोष आहे. कळा बाजूंना बसविण्याकरितां तेथें लांकूड पोखरलेलें असतें, आणि बाराचा धक्का त्या पातळ भागाला सोसत नाहीं. ती चीर तशीच ठेवली असती तर पुढें दस्ता दुभंगला असता. म्हणून तेवढी परवानेदार कारागिराकडून आंतल्या बाजूनें सरस भरून सांधली. नळ्यांना तेलाचा हात दिला. बाकी कशास स्पर्श केला नाहीं. आणि काय केलें व कोणत्या सालीं केलें, हें एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी बंदुकीच्या पेटींत ठेवली. किंमत चिरंजीवांच्या अपेक्षेहून कमी आली. आमच्या स्नेह्यांना त्याचें वाईट वाटलें नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. त्या वर्षीं कांद्याचे पैसेही मनासारखे झाले नव्हते.

बंदूक ही विकण्याची वस्तु, म्हणून तेथें प्रश्न निदान सोपा झाला. जेथें विकणारा नाहीं, विकत घेणारा नाहीं आणि फसवणुकीचा संशयही नाहीं, तेथें काय? हा प्रश्न सिन्नरच्या माणसाला दुरून आणावा लागत नाहीं. यादवांच्या आरंभीच्या राजधानीच्या ह्या गांवांत गोंदेश्वराचें देऊळ उभें आहे : मध्यें महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळें, सारें एका उंच जोत्यावर, आपल्या डोंगरांच्याच काळ्या दगडाचें. कित्येक शतकांपासून पाऊस ह्या दगडावर काम करीत आहे. कित्येक मूर्तींचीं नाकें-डोळे त्यानें परत नेले आहेत. चांगला कारागीर लावून ते पुन्हा कोरून कां घेऊं नयेत, असें देवळांत आलेला पाहुणा हटकून विचारतो. देऊळ केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत आहे, आणि त्या खात्याचें धोरण 1923 सालीं सर जॉन मार्शल ह्यांनीं आपल्या नियमपुस्तकांत घालून दिलें : जुन्या इमारतीचें नूतनीकरण करावयाचें नाहीं, ती आहे तशी राखावयाची, तिचा अस्सलपणा गेला म्हणजे तिचें ऐतिहासिक मोलही गेलें. ह्याच धोरणामुळें अशा इमारतींत नाहींशा झालेल्या कोरीव दगडाच्या जागीं साधा घडीव दगड बसविलेला दिसतो. पाहुण्याला तो ठिगळासारखा वाटतो. मला तो खात्याच्या प्रामाणिकपणाची सही वाटतो.

तथापि मार्शलसाहेबांचें धोरण हें इंग्लंडांत रस्किन आणि मॉरिस ह्यांच्या चळवळींतून जन्मलेलें आहे, आणि आपली परंपरा तीच होती असें सोंग आपण करूं नये. आपल्याकडे 'जीर्णोद्धार' हें पुण्यकर्म. अग्निपुराणांत त्यावर स्वतंत्र विवेचन आहे : भंगलेली मूर्ति काढून विसर्जन करावी आणि तिच्याच मापाची, तिच्याच द्रव्याची नवी बसवावी, असें तेथें सांगितलें आहे. त्र्यंबकेश्वराचें आजचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकांत जुन्याच्या जागीं बांधविलें, आणि तेथें जाणाऱ्या कोणालाही आपण नकली देवळांत आलों असें वाटत नाहीं. वाटूं नयेच. देव ज्यांत राहतो तें घर, आणि राजघराणें ज्यांत राहत असे तें घर, ह्यांना एक नियम लावतां येत नाहीं; पहिल्यांत अजून बिऱ्हाड आहे. पातेल्यांत रोज स्वयंपाक होतो तोंवर त्याला कल्हई लागणारच.

पण बिऱ्हाड असलेल्या घरांतही हा प्रश्न किती अवघड होतो, तें आपल्याच जिल्ह्यांत 2022 सालीं दिसलें. वणीजवळच्या सप्तशृंगगडावरची देवीची मूर्ति, कड्याच्या पाषाणांत कोरलेली, अठरा हातांची, पुरुषभर उंचीहून मोठी. पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनीं चढविलेल्या शेंदराचे थर तिच्यावर इतके साचले होते, कीं भरीव डोळ्यांचें तें भव्य शेंदरी रूप हेंच देवीचें रूप, असें महाराष्ट्रांतील लाखों कुटुंबांच्या देवघरांत ठरून गेलें होतें. त्या पावसाळ्यांत दर्शन बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं तो लेप काढला, आणि नवरात्रांत लोकांनीं पाहिलें तें निराळेंच रूप होतें : आंतली रेखीव पाषाणमूर्ति, सुबक, अलंकार स्पष्ट. पुष्कळांना धन्यता वाटली. कांहीं वृद्ध बायकांना मात्र, देवी तीच असून ओळख पटली नाहीं, असें मीं स्वतः ऐकलें आहे. ह्यांत मूळ कोणतें? शिल्पकाराच्या छिणीखालून निघालेलें तें मूळ, हें उत्तर इतिहासाचें. परंतु शेंदराचा एकेक थर हीही साक्षच होती. त्यांत नवस होते, फिटलेले आणि न फिटलेले. बंदुकीच्या दस्त्यावरचा गालाचा डाग राखावा असा मी आग्रह धरतों, तर लाखों हातांचा हा डाग पुसल्याचा आनंद मला निर्भेळपणें कसा मानतां येईल? थरांच्या भारानें आणि आंत कोंडलेल्या ओलीनें खालच्या पाषाणाला धोका असतो, हें मी जाणतों. तेथें काढणें हेंच राखणें असतें, जसें दस्त्याची चीर सांधणें. केवळ रूप अधिक सुंदर दिसावें एवढ्यासाठींच कोणी लेप काढला असता, तर मीं त्या वृद्ध बायकांच्या बाजूनें उभा राहिलों असतों. आणि सुदैवाची गोष्ट ही, कीं आपल्या पूर्वजांनीं शेंदूर *घातला* होता, कांहीं *काढलें* नव्हतें; म्हणूनच आज खालची मूर्ति शाबूत सांपडली. पॉलिशचें चाक त्यांच्याजवळ नव्हतें, हें एक बरें झालें.

आपल्या वाङ्मयांत ह्याच जातीचें एक काम झालें आहे, आणि तें ज्या रीतीनें झालें ती रीत मला ह्या सर्व खटाटोपांत सर्वांत मोलाची वाटते. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्यें झाली. पुढें सुमारें तीनशें वर्षें ती हातानें उतरली जात राहिली, आणि प्रत्येक लेखकूनें आपल्या काळाची बोली, आपली चूक, क्वचित् आपली हौसही तींत मिसळली. पैठणास एकनाथांनीं निरनिराळ्या प्रती मिळवून शके 1506 मध्यें तिचा पाठ शुद्ध केला. हें काम निव्वळ घालण्याचें नव्हतें. त्यांत काढणें अपरिहार्य होतें. त्यांच्या हाताखालून कांहीं खरें जुनें रूपही गेलें नसेल असें म्हणवत नाहीं, कारण जुने शब्द सोपे करण्याचा मोह त्या काळीं कोणाला सुटला होता? पण नाथांनीं एक गोष्ट केली. पाठांतरांनीं ग्रंथ अशुद्ध झाला होता व तो आपण शुद्ध केला, हें ग्रंथाच्या शेवटीं शकासह त्यांनीं स्वतः नमूद करून ठेवलें. ज्या पुरुषाच्या शब्दावर कोणी शंका घेतली नसती, त्यानें आपला हात कोठें लागला तें सांगून ठेवलें.

1909 सालीं इतिहासाचार्य राजवाड्यांनीं एकनाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हां ती पोथी खरोखर तितकी जुनी आहे कीं नाहीं ह्यावर विद्वानांत मोठा वाद झाला. दोन्ही पक्षांनीं शब्दांचीं रूपें तपासलीं, विभक्तींचे प्रत्यय तपासले, अगदीं त्या अमेरिकन शोकिनांनीं स्क्रूंच्या खांचा तपासाव्या तसे. वाद कितीही कडू झाला, तरी 'एकनाथपूर्व' आणि 'एकनाथोत्तर' हे दोन शब्द दोन्ही पक्षांच्या हातीं होते, आणि ते त्यांच्या हातीं आले शके 1506 च्या त्या नोंदीमुळें.